एनॅमलच्या ट्रेमधलं झाड

रुग्णालयाच्या प्लास्टर खोलीत एकतीस वर्षं काढली की माणसाला खरं नाव उरत नाही. वॉर्डबॉयपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे त्यांना प्लास्टरमामा म्हणत. निवृत्तीला आठ वर्षं होऊन गेली तरी शेजारी आजही तेच म्हणतात. मोडलेला पाय बांधून झाला की मामा पेशंटच्या अंगठ्याचं नख दाबायचे. पांढरं पडलेलं नख दोन मोजेपर्यंत पुन्हा गुलाबी झालं, तर रक्त पोचतंय. नाही झालं, तर प्लास्टर तिथल्या तिथे कापायचं. सुजलेल्या पायावर घट्ट प्लास्टर घाला म्हणणाऱ्या एका नव्या डॉक्टरला त्यांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, "आधी एक मार पचू द्या त्याला. दुसरा मग द्या."

स्वतःच्या झाडाच्या बाबतीत मात्र हे त्यांना जमलं नाही.

झाड फायकसचं, वड-पिंपळाच्या जातीतलं. एकोणतीस वर्षांपूर्वी प्लास्टर खोलीमागच्या फुटक्या पाइपात उगवलेलं. सफाईवाला ते तोडायला निघाला तेव्हा मामांनी विटेच्या तुकड्यासकट उपटून आणलं आणि प्लास्टर कालवायच्या टवके उडालेल्या एनॅमलच्या ट्रेमध्ये लावलं. ट्रेच्या तळाला भोकं त्यांनीच पाडली. आज झाड जेमतेम दीड फूट आहे. मुळांनी वीट अजून आवळून धरली आहे, आणि उजवी फांदी कोपरात वाकवलेल्या हातासारखी पुढे आली आहे. तो बाक यायला नऊ वर्षं गेली. तार गुंडाळायची, सालीत रुतायच्या आत सोडायची, फांदीला विसावा द्यायचा, मग पुन्हा गुंडाळायची.

बायको झाडाला सवत म्हणते. "माझ्या तोंडाकडे कधी इतका वेळ बघितलं नाहीत."

"तू तार गुंडाळून घेशील का?"

"एकतीस वर्षं लोकांना गुंडाळलंत, तेवढं पुरे."

तिचे गुडघे आता तीन जिने चढू देत नव्हते. मुलीने दोघांना आपल्या घरी बोलावलं. सहावा मजला, लिफ्ट, सगळ्या खिडक्या उत्तरेला. मामा सकाळी, दुपारी आणि चार वाजता असे तीनदा ते घर बघून आले.

"इथे ऊन कुठून येतं गं?"

"बाबा, लाइट भरपूर आहेत."

"झाड लाइटवर जगत नाही, बाळा."

"मग तुम्ही दोघं यायचं की तिघं, ते आधी ठरवा," मुलगी म्हणाली आणि लगेच ओशाळली.

एकच वाट होती. शहरातलं वनस्पती उद्यान वार्षिक बोन्साय प्रदर्शनातून तीन झाडं निवडतं आणि कायमची सांभाळतं. तिथे जाळीखालचं ऊन असतं, दोन वेळा पाणी असतं, माळी असतात. प्रदर्शन सात आठवड्यांवर होतं. घर सोडायचं त्याच महिन्याच्या अखेरीला.

प्रदर्शनात फायकसची मोठी पानं चालत नाहीत. त्यासाठी सहा-सात आठवडे आधी सगळी पानं देठ ठेवून कातरतात. झाड दमदार असेल तर महिन्याभरात नवी, बारीक पानं फुटतात. मामांनी एका सकाळी सगळी पानं उतरवली. प्रत्येक देठातून पांढरा चीक ठिपकत होता, म्हणून ते खूश होते. चीक आहे म्हणजे जोर आहे. मऊ टूथब्रशने त्यांनी खोड घासलं, उरलेली तार तुकडे करून काढली आणि संध्याकाळी चहा घेत प्रदर्शनाचा अर्ज भरायला बसले. अर्ज तीन पानांचा होता. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: धातूच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यातली झाडं स्वीकारली जाणार नाहीत.

एनॅमलचा ट्रे म्हणजे आत पत्राच.

पानं काढलेल्या झाडाची मुळं त्याच हंगामात कापायची नसतात, हे पहिल्या वर्षी शिकणाऱ्यालाही माहीत असतं. मामांनी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी मातीची उथळ कुंडी आणली. तिच्यात मुळांचा गड्डा मावेना. त्यांनी खालून तिसरा हिस्सा कापला.

बायको दारात उभी होती. "परवा केस कापलेत, आज पाय कापताय. बोलता येत असतं तर पोलिसांत गेली असती ती."

मामा हसले नाहीत.

चौथ्या आठवड्यातही झाड उघडंच होतं. टोकांचे कोंब टोकदार व्हायच्या ऐवजी काळे पडत होते. मामांनी कुंडीवर पारदर्शक पिशवीचा तंबू बांधला, आत ओल धरली, भर उन्हातून काढून झाड सावलीत ठेवलं. पाणी वाढवावं तर मुळं कुजणार, कमी करावं तर खोड सुकणार. रोज सकाळी ते एका डहाळीची साल नखाने किंचित खरवडायचे. हिरवी दिसली की दुसरी. नंतर नंतर खरवडायला नवी जागा सापडेना.

"अहो, खपली काढत बसलात तर जखम कशी भरेल?" बायको म्हणाली. या वेळी ती चेष्टा करत नव्हती.

पाचव्या आठवड्यात डाव्या बाजूला पानं फुटली. नखाएवढी, तांबूस, हवी होती अगदी तशी. उजवी फांदी गप्प होती. मामांनी तिच्या टोकाला चिमटीएवढा काप दिला. चीक आला नाही. चार बोटं खाली दिला. तिथेही नाही. ते बाल्कनीतच खाली बसले, आणि बायकोने दोनदा हाक मारूनही उठले नाहीत.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी त्यांनी तंबूसकट कुंडी मांडीवर घेतली आणि रिक्षाने हॉल गाठला. नोंदणीच्या टेबलावर परीक्षक बाई होत्या. पिशवी वर करून त्यांनी बघितलं.

"मामा, उजवी बाजू..."

"गेली. पण डावीकडून नव्याने रचता येईल."

"येईल. डौल आहे झाडाला." बाईंनी वर बोट केलं. झाडं मांडायच्या टेबलांच्या बरोबर वर एसीचं तोंड होतं. "पण तंबू काढावा लागेल. तीन दिवस ही हवा, आणि ऊन नाही. ही पानं टिकतील?"

मामांनी एका पानाला बोट लावलं. पान इतकं कोवळं होतं की पाकळीसारखं दुमडलं.

"इथे ठेवलं नाही, तर उद्यानवाले बघतील का?"

"ते इथूनच उचलतात. घरी येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर, आजारी झाड ते घेत नाहीत."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी आणा की."

मागे रांग होती, कोणीतरी घसा खाकरला. मामांनी पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं आणि कुंडी उचलली. रांगेतल्या एकाने विचारलं, "काय झालं, काका?" मामा म्हणाले, "सूज आहे अजून."

त्या संध्याकाळी त्यांनी उजवी फांदी खोडालगत कापली. नऊ वर्षांचा बाक कचऱ्याच्या डब्यात मावेना, म्हणून फांदीचे दोन तुकडे केले.

आता ते मुलीकडे राहतात. सहाव्या मजल्यावर ऊन येत नाही, पण खाली पार्किंगमध्ये एक गाडी आठला बाहेर पडते आणि तिच्या रिकाम्या चौकटीत साडेदहापर्यंत ऊन असतं. मामा आठला कुंडी घेऊन लिफ्टने खाली येतात आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहतात. रविवारी गाडी हलत नाही.

"मामा, तुमच्या गाडीला चाकं कधी लावताय?" वॉचमन रोज विचारतो.

नवी पानं अर्धी गळली आहेत. एनॅमलचा ट्रे मामांनी टाकलेला नाही, तो धुऊन पलंगाखाली ठेवला आहे. मुळं आता पुन्हा हलवायची नाहीत, निदान वर्षभर. वर्षभर जगलं तर. रोज वर जाताना ते एका पानाचं टोक नखाने टोचतात आणि चीक येण्याची वाट बघत मोजतात. प्लास्टर खोलीत दोनपर्यंत मोजायचे. हल्ली वीसपर्यंत जातात.