कसलाच वास नाही

भिंतींवरची बुरशी हाच ज्याच्या संशोधनाचा विषय, त्याला प्रयोगशाळेत सगळे बुरशीमामा म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. बऱ्याच खटपटीनंतर बुरशीचा कुबट वास घालवणारं एक मिश्रण त्याच्या हाती लागलं. माणसांवर त्याचा काय परिणाम होतो हे तपासायला अजून वेळ लागेल, असं विभागप्रमुख बाई म्हणाल्या. इकडे साडूने त्याचे कान भरले. शोध लावून कपाटात ठेवायचे, मग लोकांनी कुबट घरांत राहायचं तरी किती दिवस? बुरशीमामाने राजीनामा दिला आणि दोघांनी भागीदारीत ते मिश्रण घातलेल्या रंगाचा कारखाना काढला.

रंग हातोहात खपला. पहिला हात अर्थात बुरशीमामाच्या स्वतःच्या घराला मिळाला. गिऱ्हाइकं आपणहून फोन करून सांगत, की आता घरात कसलाच वास येत नाही. साडूने जाहिरातीत तेच वाक्य मोठ्या अक्षरांत छापलं.

हल्ली बायकोच्या हातून भाजी वरचेवर करपायची. वय झालं म्हणून दोघं हसण्यावारी न्यायची. कारखान्यात पूर्वी डबा उघडताना तोंड फिरवणारे कामगार आता डब्यात डोकं खुपसून रंग ढवळत. बुरशीमामाने ते पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मग त्याची थोरली बहीण राहायला आली. उंबऱ्यातच तिने पिशवी टाकली आणि धावत स्वयंपाकघर गाठलं. तिथे भावजय काडी ओढण्याच्या बेतात होती. ताईने तिचा हात घट्ट धरला, खिडक्या सताड उघडल्या.

"गॅस सुटलाय घरभर. तुम्हाला दोघांना कळत कसं नाही?"

शेगडीची नळी चिरली होती. बुरशीमामाने नळीला नाक लावलं. मग चिरलेला कांदा हुंगला, फिनेल हुंगलं. पाणी हुंगावं तसं वाटलं. त्याने चाचरत विचारलं, "ताई, भिंतींना कुबट वास येतो का गं?"

"येतो की. पहिल्यासारखाच."

तो तसाच साडूकडे गेला. साडूने शांतपणे ऐकून घेतलं.

"आजवर एक तरी तक्रार आली का?"

"येईल कशी? कळायला तर हवं."

बुरशीमामा भागीदारीतून बाहेर पडला. साडूने दुसरा रसायनतज्ज्ञ नेमला, डब्यावरचं नाव बदललं, रंग तोच. विभागप्रमुख बाईंनी राहिलेल्या चाचण्या सुरू केल्या, पण गेलेला वास परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. बुरशीमामा घरोघर जाऊन लोकांना सावध करू लागला. पुष्कळ जण त्याचं कौतुक करून चहा पाजत आणि दार लावून घेत.

एका घराचं दार कितीही वाजवलं तरी उघडेना. खिडक्या बंद. काचेतून खुर्चीत मान टाकून बसलेले एक आजोबा दिसले. बुरशीमामाने काच फोडून आत उडी मारली, गॅसची टाकी बंद केली, आजोबांना ओढत अंगणात आणलं. त्यांनी डोळे उघडले आणि त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. झोपमोड झाली, वर काच गेली.

आवाज ऐकून शेजारीण आली. घरात गॅस सुटला होता का, ते जरा पाहायला बुरशीमामाने तिला विनवलं. ती आत जाऊन दीर्घ श्वास घेऊन परत आली.

"छे हो," ती म्हणाली, "कसलाच वास नाही. आम्हीही हाच रंग दिलाय."