पांढऱ्या थराखालचा राजा

रंगारी शिवदास घाणेकरने लावलेला रंग निघत नाही, हे बहारीनमधल्या सनद गावच्या त्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला शिवदास स्वतः सांगायचा. तिथली खारी, दमट हवा भल्याभल्या भिंतींना फोड आणते. सोळा वर्षांत त्याच्या भिंतीला एक फोड नाही. गर्व होता का माणसाला? होता. ज्याला काम येतं त्यानं मान खाली घालून का चालावं?

तर अशा माणसाला इतिहासाच्या निदा मॅडमनी यंदा निघणारा रंग लावायला सांगितला.

मॅडम मूळच्या खेडच्या, त्यामुळे शिवदासशी मराठीतच बोलत. नववीच्या मुलांचं नाटक बसवत होत्या: इंग्लंडात धर्म कसकसा पालटला आणि त्यापायी माणसं कशी पालटली. सगळं नाटक एका भिंतीपुढे, खेड्यातल्या चर्चच्या भिंतीपुढे. ती भिंत प्लायवूडवर उभी करायची होती.

"पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या गावकऱ्याला वाचता येत नव्हतं, शिवदासभाऊ. प्रार्थना लॅटिनमध्ये, ती डोक्यावरून जायची. म्हणून देवाचा न्याय भिंतीवर रंगवायचे. मध्ये तराजू, एका बाजूला पुण्यवान, दुसऱ्या बाजूला नरक."

"आपल्या चित्रगुप्तासारखं."

"तसंच. आणि नरकात राजेसुद्धा. अंगावर चिंधी नाही, पण मुकुट डोक्यावर. ओळखता यावा म्हणून."

शिवदासच्या हातातला चहा तसाच राहिला. "देवाच्या घरात राजाला नागवा दाखवायचे? आणि राजा गप?"

"पुष्कळ वर्षं गप. मग एका राजाला दुसरं लग्न करायचं होतं, रोमचे पोप नाही म्हणाले. राजानं पोपशीच नातं तोडलं. मठ बंद केले, त्यांच्या जमिनी बड्या लोकांच्या घशात गेल्या."

"जमिनी बरोबर तिथंच जातात," शिवदास म्हणाला.

"त्याच्या मुलाच्या राज्यात हुकूम निघाला, चित्रं मिटवा. भिंतींना चुना फासला आणि त्यावर अक्षरं लिहिली, लोकांच्या भाषेत, इंग्रजीत. आता बघू नका, वाचा. विणकर, चांभार हळूहळू वाचायला लागले. वाचलं की माणूस प्रश्न विचारतो. शंभर वर्षांत प्रश्न इतके वाढले की एका राजाचं मुंडकं गेलं. धर्म इतका कडक झाला की काही वर्षं नाताळसुद्धा बंद. नाताळ परत आला, पण माणसं पुन्हा पहिल्यासारखी झाली नाहीत. पुढे खाणकामगारांनी आपापली साधी प्रार्थनाघरं काढली. तिथं उभं राहून चारचौघांत बोलायला शिकले, आणि मग खाणमालकासमोर बोलले."

"म्हणजे युनियन प्रार्थनेत शिकली."

"काही ठिकाणी, हो. आणि शेवटी कुणीतरी तो जुना चुना खरवडला, तर खाली चित्र शाबूत. तो आपला शेवटचा प्रवेश."

तो प्रवेश दीप्तीचा होता. दीप्ती शिवदासची मुलगी, नववीतच. चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईचं काम तिला मिळालं होतं: ओलं फडकं घ्यायचं, भिंत पुसायची, आणि चित्र बाहेर. मुख्याध्यापकांचं म्हणणं, इतका खटाटोप कशाला, मोठ्या स्क्रीनवर दाखवून टाकू. दीप्तीनं सगळ्या वर्गासमोर हात वर करून सांगितलं होतं, "माय फादर कॅन डू इट." मुख्याध्यापक म्हणाले, ठीक; पण बुधवारी दुपारपर्यंत भिंत पुसली जाते हे दिसलं पाहिजे. नाही तर स्क्रीन, आणि दीप्तीचा प्रवेश रद्द. नाटक गुरुवारी सकाळी.

शिवदासनं तीन आठवडे खपून ऑइल पेंटमध्ये नरक रंगवला. राजावर खास मेहनत घेतली. त्याचं पोट, त्याचे केसाळ पाय, डोक्यावर वाकडा मुकुट. मग त्यावर पांढरा हात मारला. चुन्यानं पोरांच्या हाताची साल निघेल, म्हणून खडूची भुकटी.

सोमवारी तालमीत दीप्तीनं फडकं फिरवलं. काही नाही. जोर लावला. दोन्ही हातांनी घासलं. पांढरं ढिम्म.

"बाबा, इट्स नॉट कमिंग ऑफ," ती हळूच म्हणाली. मागून कुणीतरी हसलं.

शिवदास भिंतीजवळ गेला, नखानं खरवडून पाहिलं, आणि त्याची कानशिलं तापली. पांढरं लावण्याआधी त्यानं चित्रावर पॉलिश पेपर फिरवला होता, रंगाला पकड मिळावी म्हणून. भुकटी चिकटून राहावी म्हणून तिच्यात सरस घातला होता. डोकं निघणारा रंग म्हणत होतं आणि हात आयुष्यभराचं काम करून मोकळे झाले होते. कच्च्या रंगाऱ्याच्या हातून ही चूक झालीच नसती.

घरी तो जेवायला बसेना. मंगलानं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"हसतेस काय गो?"

"अवो, मला बघायला आलात तेव्हाचं आठवलं. आमच्या वडलांनी, दादांनी, तुम्ही येणार म्हणून सकाळीच भिंतीला खडू फासलेला, नुसता पाण्यातला. तुम्ही ऐटीत टेकून बसलात, आणि उठलात तर मागून पांढरे फटक. माझ्या बहिणी ओटीवर हसून लोळत होत्या."

"काळी पँट होती माझी. नवी."

"तसाच लावा की. दादांसारखा."

सासऱ्याकडून काम शिकायची वेळ यावी, ही गोष्ट गिळायला शिवदासला पोळी-भाजीबरोबर दोन तांबे पाणी लागलं. पण गिळली.

मंगळवारी सकाळपासून तो गरम पाण्याच्या फडक्यांनी जुना थर भिजवून उतरवत होता. निदा मॅडम तासांच्या मध्ये येऊन बघून गेल्या.

"मॅडम, एक सांगा. हुकूम चित्रं मिटवायचा होता ना? मग ती बचावली कशी?"

"कुठं कुठं छिन्नीनं फोडली. पण पुष्कळ ठिकाणी नुसता चुना फासला, आणि त्यानंच ती जपली."

"ते मुद्दाम केलेलं."

"पुरावा नाही, शिवदासभाऊ."

"पुरावा तुम्हाला लागतो. मला रंगारी ठाऊक आहे. साहेबासमोर मान हलवायची, पण दुसऱ्याच्या कामावर छिन्नी नाही चालवायची." मॅडम हसल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

थर उतरताना तीन भुतं बिघडली, ती त्यानं पुन्हा रंगवली. सगळ्या चित्रावर चकचकीत व्हार्निश मारलं, ज्यावर काही धरत नाही. बुधवारी सकाळी खडू आणि पाणी. पाण्याचे थेंब होऊन ओघळू नयेत म्हणून दोन थेंब साबण. सरसाचा डबा दीप्तीनं आधीच वर्गात नेऊन लपवला होता. "आय डोन्ट ट्रस्ट युवर हँड्स," ती म्हणाली. दुपारी मुख्याध्यापकांनी स्वतः कोपऱ्यात बोट फिरवलं. बोट पांढरं झालं, खालून एक शेपूट दिसलं. "ओके," ते म्हणाले. स्क्रीन खलास.

गुरुवारी हॉल गच्च भरला होता. राजा झालेला बासित काळ्या मखमलीच्या झग्यात रुबाबात आला, हुकूम वाचला आणि सवयीनं भिंतीला टेकला. वळला तर पाठ पांढरी फटक. पाचशे माणसं हसली. विंगेत उभ्या शिवदासचा जीव मुठीत. लोक म्हणतील, याचा रंग अंगाला लागतो. त्याच्या शेजारी मंगला पुन्हा पदरात तोंड खुपसून उभी.

मग दीप्ती आली. डोक्याला रुमाल, हातात बादली. तिनं फडकं पिळलं आणि एकच लांब हात फिरवला. पांढऱ्यातून आधी मुकुट आला, मग नाक, मग ते भलंमोठं पोट. हॉल हसून असा फुटला की पुढची वाक्यं दीप्तीला दोनदा म्हणावी लागली. ती तिनं म्हटली, न अडखळता, भिंतीच्या प्रत्येक थराचा हिशेब देत.

पडदा पडायच्या आत पहिली-दुसरीची पोरं स्टेजवर चढली. कुणी रुमाल ओला केला, कुणी टाय. बहारीनची, केरळची, रत्नागिरीची, सगळी मिळून नरक पुसायला लागली.

"बाबा, कम," दीप्तीनं त्याला हाताला धरून बाहेर ओढलं. टाळ्या वाजत होत्या, पण शिवदासचं लक्ष पोरांच्या हातांकडे होतं.

"वरनं खाली पुसा रे," तो ओरडला, "वरनं खाली. नायतर ओघळ येतील."