पिवळ्या धुरातला कंदील

ताईचा फोन आला तेव्हा मी तेजाबाच्या, म्हणजे अ‍ॅसिडच्या, टाकीपाशी होतो. गुजरातेतल्या या कारखान्यात स्टीलचे पाइप तेजाबात बुडवून साफ करतो. "तुझे भाऊजी गेले रे..." एवढंच ती बोलली. मी ताईच्या गावी, सालेकशाला पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं.

भाऊजी, म्हणजे यादोराव, विहिरींचा खडक सुरुंगाने फोडायचे. सातवीत शाळा सुटलेल्या, कुठेच न टिकणाऱ्या मला त्यांनीच कामाला लावलं, जेवू घातलं. खडकात भोक पाडायचं, सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवून पळायचं. जमीन लाथ मारल्यासारखी उसळायची, दगड धानाच्या बांध्यांत जाऊन आदळायचे. त्यांची दोन बोटं सुरुंगानेच नेली होती.

सुरुंगानंतर विहिरीत कंदील सोडायची रीत. विझला तर हवा खराब, जळत राहिला तर उतरायचं. एकदा दारूला ओल लागली होती, पिवळा-तांबूस धूर वर आला. कंदील मात्र छान जळत होता. मी दोर धरून पाय टाकणार, तोच डाव्या कानाखाली अशी बसली की मी आडवाच झालो.

"काऊन बे, मराले उतरून राहिला?"

"कंदील तं जळून राहिला ना, भाऊजी!"

"कंदिलाले फुप्फुस राहते का रे, बैला? पिवरा धूर हाय. माणूस हासत वर येते अन् दुसऱ्या दिवशी मरते."

शेतमालक ओरडला, काम काऊन थांबवलं? "तूच उतर मंग!" भाऊजी त्याच्या अंगावर धावून गेले. मग पळसाच्या फांद्यांची मोळी दोराने खाली-वर करत आम्ही धूर काढला.

पुढे मी गुजरातेत आलो. भाऊजी गेले त्या वेळीही दारू ओलीच होती, ताईने सांगितलं. भाऊजी पाणी प्यायला वळले, तेवढ्यात कंदील जळताना पाहून नवा गडी उतरला आणि खाली कोसळला. भाऊजी मागोमाग गेले, आधी त्याला दोराने बांधून वर पाठवलं. बेशुद्ध होता म्हणून त्याला दवाखान्यात नेलं, तो वाचला. भाऊजी दोनदा खोकले, चहा प्यायले. "मले काई नाई झालं, नाटकं नोको करू," म्हणून ताईवर खेकसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडातून गुलाबी फेस... जमीन नखांनी ओरबाडत गेले.

डॉक्टर म्हणाले, ओली दारू अर्धवट जळली की नायट्रोजनचा विषारी वायू निघतो. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं, माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. ट्रक-जनरेटरच्या धुरातही तोच वायू असतो, थोडा थोडा.

"आणि तेजाबातून?" मी विचारलं. त्यांनी माझ्याच छातीला स्टेथोस्कोप लावला.

मला मारून थांबवायला भाऊजी होते. त्यांना मारून थांबवायला मी तिथे नव्हतो...

परवा कारखान्यातला धूर ओढणारा पंखा बंद पडला. टाकीतून तोच पिवळा धूर उठला आणि शेजारचा कामगार अडकलेला पाइप सोडवायला आत वाकला. मी त्याला कॉलर धरून ओढलं आणि कानाखाली वाजवली.

"मारा क्यूँ?" तो ओरडला. सुपरवायझर धावत आला. नोकरी जाते की काय, या धास्तीत मी नुसतं बंद पंख्याकडे बोट दाखवलं. डाव्या कानात, भाऊजींनी मारलं त्या दिवसापासून आहे ती शिटी, तेवढी वाजत राहिली.