लेम्पी भाडेकरू सोडत नाही

लेम्पीचं लाकडी घर फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात, पिस्पाला टेकडीच्या उतारावर आहे. खाली ती स्वतः, शेजारी मी, आणि तिच्या डोक्यावर आर्मासचं बिऱ्हाड. नवऱ्यामागे हे घर तिच्या गळ्यात पडलं तेव्हा ती शाळेत स्वयंपाकीण होती. घरमालकीणपणही तिने सुपाच्या पातेल्यासारखंच सांभाळलं. करपायला लागलं की तिथल्या तिथे ढवळायचं. नळ गळाला की त्याच दिवशी दुरुस्तीचा माणूस हजर. भाडं चुकलं की त्याच आठवड्यात ती दारात. "कोर्टाचा कागद जायच्या आधी मी जाते," असं ती म्हणायची. एवढ्या वर्षांत तिने एकाही भाडेकरूला बाहेर काढलं नव्हतं आणि त्याचा तिला भयंकर गर्व होता. मला तो कधीकधी असह्य व्हायचा.

त्या हिवाळ्यात आर्मासचं भाडं थकलं. कागदगिरणीतली त्याची नोकरी गेल्याचं सगळ्या टेकडीला माहीत होतं, फक्त तोच बोलत नव्हता. लेम्पी दार ठोठावायची आणि तो आतून हूं की चूं करायचा नाही. तिचा भाचा रिकू दर रविवारी कॉफीला येऊन तेच तेच सुनावायचा.

"मावशी, नोटीस दे, कोर्टात जा, मोकळी हो. धर्मशाळा उघडलीस का?"

"पाव खा," लेम्पी म्हणायची. "तोंड भरलेलं असलं की तू शहाणा वाटतोस."

पण रिकू गेला की तिचा चेहरा उतरायचा. आर्मासची मुलगी सायमा आईकडे राहायची आणि एकाआड एक शुक्रवारी बापाकडे यायची. हे घर गेलं तर पोरीला बापाकडे निजायला जागाच उरणार नव्हती. लेम्पीला ती गोष्ट आतून खात होती.

मग तिच्या लक्षात आलं की आर्मास सौनालाही येत नाही. अंगणातली सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची लाकडी खोली, आम्हा सगळ्यांची, प्रत्येकाचा तास ठरलेला. आर्मासचा तास शुक्रवारी संध्याकाळी. कितीतरी शुक्रवार त्या वेळी सौना थंड पडून होती. भाडं थकलं म्हणजे सौनावरचा हक्कही गेला, असं त्या शहाण्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. असला वेडेपणा आमच्याच माणसांनी करावा.

लेम्पी भडकली. "भाडं नाही दिलं, समजू शकते. पण सौना सोडतो म्हणजे काय? हा निघायच्या तयारीत आहे!"

पुढच्या शुक्रवारी तिने स्वतः चूल पेटवली आणि त्याच्या खिडकीखाली जाऊन ओरडली, "आर्मास! तुझी सौना तापलीय. लाकडं फुकट गेली तर बघ!"

लाकडं फुकट जाणं आमच्याकडे कुणालाच सोसत नाही. तो खाली आला आणि मान खाली घालून आत गेला. लेम्पी थोडं थांबली, मग कपडे बदलायच्या खोलीत शिरून बंद दाराला पाठ लावून बसली. माझी खिडकी अगदी लागून आहे, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"आता बोल," ती म्हणाली. "उघडा आहेस, बाहेर बर्फ आहे. पळशील कुठे?"

आत तापल्या दगडांवर पाणी चुरचुरलं.

"महिनाअखेरीला सोडतो घर," आर्मास म्हणाला. "चुलतभावाकडे सोफा आहे."

"आणि सायमा? ती सोफ्याखाली झोपणार?"

"लेम्पी, तू जा बरं."

"नाही जात. घरभाड्याला सरकारी मदत मिळते, ती थेट माझ्याकडेही येऊ शकते. अर्ज का नाही केलास?"

"मी भिकारी नाही."

"मीही धर्मात्मा नाही. भर थंडीत वरचं घर रिकामं पडलं तर पाइप गोठतील माझे, आणि नवा येईल तो कसला निघेल कोण जाणे! सोमवारी सकाळी दोघांनी कचेरीत जायचं. मागचं भाडं थोडंथोडं फेड, तसं लिहून ठेवू. तेही मोडलंस तर मात्र कोर्टात जाईन. मग रडत येऊ नकोस."

सोमवारी ती कोट-टोपी घालून जिन्यापाशी उभी राहिली. आर्मास आला नाही. मला तिची कीव आली. मी म्हटलं, "जाऊ दे, लेम्पी. ज्याला राहायचंच नाही त्याला किती धरून ठेवशील?"

"तू गप्प बस," म्हणत ती धाडधाड वर गेली. मी मागोमाग.

दार उघडंच होतं. महिनाअखेरीची वाट न बघता त्याने सगळं सामान बांधलं होतं. सायमाचा लहानसा पलंग खोलून, फळ्या दोरीने आवळून भिंतीला टेकवल्या होत्या. मधोमध आर्मास कोट घालून उभा होता आणि त्याचा पाय काही निघत नव्हता.

लेम्पी खाली बसली आणि दोरीची गाठ सोडायला लागली. गाठ निघेना, तेव्हा तिने ती दातांनी ओढली.

"राहू दे," आर्मास म्हणाला.

"पेचकस कुठाय?"

"लेम्पी, मला नाही जमणार. पुन्हा भाडं चुकलं तर?"

"तर मी पुन्हा वर येईन. आधी पलंग, मग कचेरी. दे पेचकस."

त्याने एक खोकं उपसलं, मग दुसरं, आणि पेचकस काढला. लेम्पीने फळी धरली. पेचकस सारखा घसरत होता. तो रडत होता, पण पेचकस सोडून डोळे पुसायला तयार नव्हता.

"सायमा या शुक्रवारी येणार ना?" लेम्पीने विचारलं.

"येणार."

"मग घट्ट आवळ. पोर झोपेत फार लाथा झाडते, खाली मला ऐकू येतं."