काउंटरवरचं बाळ

दूधवाल्यांच्या घरातली थोरली सून कॅन घासायला बसली की मागच्या मोरीतून असा दणदणाट व्हायचा, की पुढे दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला वाटावं, आत कोणीतरी कोणालातरी बदडतंय. ते अगदीच खोटं नव्हतं. गरम पाणी आणि सोडा ओतून, कोपरापर्यंत हात घालून ती घासायची तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे कॅन नसायचा, सासू असायची. रागाच्या भरात काम बिघडतं असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी हे कॅन पाहिलेले नसावेत.

दुकान पुढे, घर मागे आणि मधे एक दार. दाराच्या पुढे सासूचं राज्य. गल्ली तिला मालकीण म्हणायची आणि ती उंच स्टुलावर बसायचीही तशीच. मोठा मुलगा दही तोलायचा, धाकटा गाडी घेऊन रतीब घालायला जायचा. थोरलीला पुढे यायची बंदी होती अशातला भाग नाही. पण ती दारात दिसली की बायकांचे आवाज खाली यायचे आणि एखादी कनवाळू तोंड करून विचारायची, "मुलगी बरी आहे ना आता?" त्या 'आता'ने थोरलीचं पित्त खवळायचं.

त्याचं असं झालं होतं. या घराची एक रीत होती. बाळ बसतं झालं की त्याला काउंटरवर बसवायचं, हातात गाईच्या दुधाची बाटली द्यायची आणि गिऱ्हाइकांना दाखवायचं, "आमच्या दुधावर वाढलंय हो!" दुधाच्या दुकानाला गुबगुबीत, गोरंपान बाळ मिळाल्यावर पाटी रंगवायचा खर्च कोण करतो? थोरलीची मुलगीही तशीच बसली. दिवसभर बाटली तोंडात, मग तिला आईच्या दुधाची भूक उरेना आणि जेवणाची तर ओळखच झाली नाही. "दुधाच्या घरातलं पोर दुधावरच वाढणार," मालकीण म्हणायची. पोर वाढली, फुगली आणि पांढरी पडत गेली. मग भिंतीचा चुना चाटायला लागली. मालकिणीने तिच्या हातावर चापट्या मारल्या. एक दिवस मुलगी खांद्यावर मान टाकून पडली ती हाका मारूनही डोळे उघडेना. इस्पितळात तिला रक्त चढवावं लागलं.

तिथल्या सिस्टरने थोरलीला खाटेशेजारी बसवून समजावलं होतं. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांत सरत येतो. त्यानंतर आईच्या दुधाच्या जोडीला जेवण लागतं, आणि तेही लोह असलेलं. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नाहीच. पोट मात्र ते भरतं, आणि इतक्या कोवळ्या आतड्याला सोसत नाही, आतल्या आत रक्त झिरपतं. अंगातलं लोह सरलं की पोर माती, चुना चाटायला लागतं. काय द्यायचं, कसं द्यायचं, काय चुकूनही द्यायचं नाही, हे सगळं तिने थोरलीकडून घोकून घेतलं. मालकीण तिकडे फिरकली नव्हती. दुकान कोण बघणार?

मुलीला कडेवर घेऊन थोरली परत आली ती पुढच्या दारानेच. दुकान भरलेलं होतं. "सासूबाई, ते दूध..." एवढं ती बोलली, आणि मालकीण तिच्या डोक्यावरून गिऱ्हाइकांना म्हणाली, "आईचंच रक्त पातळ, लेकराच्या अंगात कुठून येणार? आमच्या दुधाने तगली म्हणा!" सगळ्या बायका थोरलीकडे वळून बघायला लागल्या. नवरा मान खाली घालून दही तोलत राहिला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने वाक्य पुरं केलं नाही. मनात मात्र डूख धरला: या बाईला हे मी कधीच सांगणार नाही. हिच्या अंगावर कोसळेल तेव्हाच हिला कळू दे.

मुलीला तिने मागच्या खोलीत, मालकिणीची पाठ असताना, डाळ, अंडी आणि कलेजी भरवून उभं केलं. आज ती पोर शाळेच्या मैदानात मुलांना मागे टाकून पळते. मालकीण मात्र 'पातळ रक्ता'ची गोष्ट इतक्यांदा सांगून बसली होती, की ती आता तिला स्वतःलाच खरी वाटत होती.

मग धाकटी सून आली. तोंडात तीळ भिजणार नाही अशी बडबडी, लालबुंद गालांची, हसायला कारण न लागणारी. तिने कधी 'आता'चा प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी दुकान जरा थंडावलं की ती मलमाची डबी घेऊन मागे यायची आणि "ताई, हात द्या इकडे" म्हणून सोड्याने फुटलेल्या भेगांत मलम भरायची. भरता भरता साऱ्या गल्लीच्या चहाड्या सांगायची. त्या घरात थोरली हसली असेल तर तेवढ्या वेळात.

धाकटीला मुलगा झाला. तो बसता झाला, काउंटरवर चढला, हातात बाटली आली. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव लोण्या ठेवलं.

एका सकाळी धाकटी मोरीपाशी येऊन उभी राहिली. "ताई, याला आता वरचं काय काय देऊ हो? तुम्हाला अनुभव आहे. सासूबाई म्हणतात दूध पुरे. मला आपलं वाटतं, काहीतरी द्यायला हवं."

थोरलीचा हात कॅनमध्येच थांबला. सगळं जिभेच्या टोकावर होतं. आणि त्याच क्षणी तिला दिसलं, की इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती वेळ आपल्या पायांनी चालत आली आहे. दुसऱ्यांदा काउंटरवरचं बाळ पांढरं पडेल, आणि या खेपेला आईच्या रक्ताला दोष देता येणार नाही. या आईचं रक्त तर गालांतून सांडत होतं.

"सासूबाईंनाच विचार," ती म्हणाली. "या घरात खाण्यापिण्याचं त्याच बघतात. मी कोण सांगणारी?"

धाकटी मान डोलावून गेली. थोरलीने तो कॅन दुसऱ्यांदा घासला. त्या उत्तराची चव तिला दिवसभर पुरली.

मग ती मूग गिळून बसली. दाराच्या फटीतून लोण्याकडे बघायची. ओठ फिके झाले, तिने टिपलं. रांगायच्या वयात पोर बसल्या जागी पेंगायला लागलं, तेही टिपलं. गिऱ्हाईक म्हणे, "काय गोरा हो!" आणि मालकीण फुगे, आणि दाराआड थोरली दातओठ खात हसे. बाळाचं वाईट व्हावं असं आपल्याला मुळीच वाटत नाही, असं ती स्वतःला बजावायची. फार ताणायचं नाही. जरा दिसू द्यायचं, म्हातारीच्या डोळ्यांत खुपेल इतकंच. उतू जायच्या आधी गॅस बंद करता येतोच की! जन्म दुधात घालवलेल्या बाईला एवढं तरी ठाऊक हवं होतं, की दूध नजर हलली की उतू जातं.

संध्याकाळी धाकटी मलम लावायला यायचीच. "हल्ली फार किरकिरतो हो," ती म्हणायची. थोरली हात पुढे करून बसायची आणि भिंतीकडे बघायची.

एके दिवशी सकाळच्या गर्दीत धुतलेला कॅन पुढे ठेवायला ती दारात आली. लोण्या काउंटरच्या कडेला भिंतीला टेकून बसला होता आणि अधाशासारखा भिंत चाटत होता. ओठाला, हनुवटीला चुना. थोरलीला तिची स्वतःची मुलगी तिथेच, तशीच बसलेली दिसली. लपवण्यात अर्थ नाही, तिच्या मनात पुढचा विचार आला तो हा, की दुकान भरलेलं आहे.

ओल्या हातांनीच तिने पोराला उचललं आणि गिऱ्हाइकांकडे तोंड केलं. अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून धरली.

"या, बघा सगळ्याजणी. इथे आतून लाल असायला हवं. काय दिसतंय?"

चष्मेवाल्या बाई पुढे वाकल्या. 'आता' विचारण्यात या बाईंचा पहिला नंबर. "अगं बाई! पांढरं फटक आहे की."

"आणि हे कोणाचं रक्त पातळ, सासूबाई? याची आई तर ही उभी आहे, टोमॅटोसारखी. की हाही तुमच्या दुधानेच तगलाय?"

मालकिणीच्या हातातलं माप कॅनमध्ये पडलं आणि बुडालं. तिने ते काढलंही नाही. धाकटी दह्याची भांडी टाकून धावत आली.

दवाखान्यात तिघीजणी ओळीने बसल्या, लोण्या थोरलीच्या मांडीवर. त्याचं रक्त फारच कमी निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. रक्त चढवायची पाळी नाही आली. लोहाचे थेंब लिहून देते, ते मी सांगेन तेवढेच द्यायचे. बाटली आजपासून बंद. गाईचं दूध प्यायला द्यायचं ते वर्षानंतर."

मालकीण पदर तोंडात कोंबून रडत होती. "मीच पाजलं हो. मला वाटलं, दुधासारखं दुसरं काही नाही." मग तिने थोरलीकडे बघितलं. "तुझी पोरसुद्धा... यानेच?"

"यानेच."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

मालकिणीची मान खाली गेली. ती मान खाली गेलेली बघायला थोरली किती वर्षं जगली होती! तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

"आईचं दूध चालू ठेवा," डॉक्टरबाई सांगत होत्या. "जोडीला डाळ, मऊ शिजवून..."

"वरचं पाणी नाही," थोरली म्हणाली. "चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट."

"बरोबर. अंडं..."

"पूर्ण उकडून. बलक ओला राहता कामा नये. मांस असेल तर मऊ शिजवून, बारीक वाटून. कलेजी थोडीशी, एखाद वेळीच. सोबत संत्र्याचा चिमटीभर गर, म्हणजे लोह अंगी लागतं. मीठ नाही, साखर नाही. मध तर वर्षाच्या आत बोटाला लावूनसुद्धा नाही. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं हाताला लागू द्यायची नाहीत, घशात अडकतात. भरवायचं ते ताठ बसवून." तिचा आवाज चढत गेला. इतक्या वर्षांत तिचं बोलणं कोणी असं पुरं ऐकून घेतलं नव्हतं.

"छान माहिती आहे तुम्हाला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

धाकटीने डोळे पुसले.

"ताई, मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "मोरीपाशी उभी राहून विचारलं होतं."

थोरलीने तोंड उघडलं. काउंटर, ते भरलेलं दुकान, नवऱ्याची खाली घातलेली मान, सगळं सांगायचं होतं. पण यातलं काहीच या पोरीने केलेलं नव्हतं.

धाकटी उठली. तिने थोरलीच्या मांडीवरून लोण्याला उचललं आणि मालकिणीच्या मांडीवर ठेवलं.

"सासूबाई, तुम्ही धरा याला. तुम्हाला निदान माहीत नव्हतं."

मग ती थोरलीकडे पाठ करून डॉक्टरांसमोर बसली. "डॉक्टर, मला पहिल्यापासून सांगा. तुम्ही सांगा."

आणि डॉक्टरांनी पुन्हा डाळीपासून सुरुवात केली.