जिंकत आलेला डाव

एव्हरशाईन सोसायटीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी वसई कोर्टात कारकून आहेत आणि घरी व्हिडिओ गेम खेळतात. आपली मतं त्या निकाल वाचल्यासारखी सांगतात. "ताकद विकत मिळते तो गेम नाही, दुकान आहे."

एका रविवारी मी त्यांच्याकडे बसले होते. त्यांची ऑनलाइन टीम जिंकत आली होती. तेवढ्यात टीममधल्या एका मुलीचा नेम चुकला आणि टीममधलाच एकजण तिला घाण शिव्या देऊ लागला.

"तिची माफी माग," वहिनी माइकमध्ये म्हणाल्या.

"आंटी, पहले जीतने दो," तो हसला.

वहिनींनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला. पडद्यावरचा त्यांचा सैनिक उभ्या जागी मेला. टीम हरली.

"जिंकत होतात की," मी म्हणाले.

"हो, वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्या मुलीला पुढच्या डावाचं बोलावणं पाठवलं.