आमच्या वाड्यात दवंडी झाली नव्हती

"तुझं तोंड गावाचं हाय. गावाचं तोंड गावावरच कसं उघडतंय रं?"

पाटील असं बोलला आणि चावडी हसली. खुर्चीत बसलेला पुण्याचा सर्कलसाहेबसुद्धा हसला. रुमाल तोंडाला लावून हसला, म्हणजे शिकलेला माणूस.

पायरीच्या खाली माझा सासरा उभा होता. हात वर केलेला. साहेबानं विचारलं होतं, "कोणाची हरकत आहे का?" आणि सगळ्या गावात यानं एकट्यानं हात वर केला होता. लोक हसत राहिले तरी त्याचा हात वरच. खाली घ्यायचं त्याला सुचेना. शेवटी दुसऱ्या हातानं मनगट धरून त्यानं तो खाली ओढला.

मी अंगणाच्या कडेला झाडू घेऊन उभी होते. चावडीचं अंगण झाडायचं काम आमच्या घराकडं होतं. तलाठ्यानं टाक दौतीत बुडवला, लिहिलं आणि वाचून दाखवलं, "हरकत नाही." साहेबानं सही केली. मग सगळे पाटलाच्या घरी चहाला गेले. मी उरलेलं अंगण झाडलं. हे मला अजून सलतं. झाडू टाकून निघून आले असते तर निदान तेवढं तरी माझं झालं असतं. पण नाही. कोपऱ्यासकट झाडून काढलं.

आमचं गाव भोसरीच्या शेजारचं. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहायला लागले होते आणि त्यांची नजर आमच्याकडच्या मोकळ्या रानावरही पडत होती. आम्ही महार. गावाच्या एका अंगाला गायरान, गायरानाच्या काठाला आमचा वाडा, बावीस घरं. वाड्याच्या डोक्याशी आमचा आड. गावच्या विहिरीला आमचा हात चालत नव्हता म्हणून सासऱ्याच्या आज्यानं भावकीला घेऊन काळा खडक फोडून तो खणलेला. सुरुंग नाही, काही नाही. पहारी आणि घण. एक जण आत दरड अंगावर येऊन मेला, त्याच्या नावानं बायका पहिला पोहरा बाजूला ओतायच्या. त्या आडाचं पाणी उन्हाळ्यातही तुटत नसे. आमच्या मालकीचं असं जगात तेवढंच होतं.

माझं माहेर खडकीचं. बाप तिथं कारखान्यात हमाल होता. त्यानं मला चौथीपर्यंत शिकवलं, आणि अस्पृश्यता कायद्यानं गेली हे वर्तमानपत्रातून घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा कळलं की कायद्याची वर्दी इथवर पोचलेली नाही. नवरा पलटणीत, वर्षातून एकदा यायचा. घरात मी, माझी दोन वर्षांची पोर आणि सासरा. सासऱ्याला मी मामा म्हणायची.

मामांकडं येसकरकी होती. म्हणजे गावचं पडेल ते काम. सरकारी माणूस आला की त्याच्यापुढं धावायचं, टपाल पोचवायचं, मढ्याची खबर परगावी न्यायची, आणि दवंडी द्यायची. दवंडी हे त्यांच्या अभिमानाचं काम. आवाज खणखणीत. तलाठी कागद वाचायचा, मामा ऐकायचे आणि एक अक्षर न चुकता पाच ठिकाणी तसंच्या तसं म्हणायचे. मारुतीपुढं, वेशीत, माळ्याच्या आळीला, सुतारनेटाशी, शेवटी पाटलाच्या दारात. पाच झाली की डफडं खांद्याला लावून घरी.

गावच्या दवंडीकडं आमच्या वाड्यात कुणी लक्ष देत नसे. बाजार, सारा, कुणाची गाय हरवली. आमचा काय संबंध? देणारा आमचा, ऐकणारं गाव. मीसुद्धा तशीच. त्या दिवशी डफड्याचा आवाज ऐकला आणि भांडी घासत राहिले. मामा आले, हातपाय धुतले, भाकरी मागितली.

मी सहज विचारलं, "मामा, आज काय वरडलात?"

त्यांनी घास गिळला आणि डोळे मिटून म्हणून दाखवलं. "गायरानातली जागा कंपनीला पाण्याच्या बोरिंगसाठी द्यायचं सरकारनं योजलं हाय. ज्या कुनाची हरकत असंल त्यानं सोमवारी चावडीवर यावं हो."

"गायरानातली कंची जागा?"

"आडाच्या वरल्या अंगाची. लिंबाजवळची."

आणि त्यांची भाकरी हातात राहिली. आमच्या आडाच्या उशाला कंपनी भोक पाडणार होती, आणि ते आमच्याच घरातल्या माणसानं गावभर पाच वेळा ओरडून सांगितलं होतं. ओरडताना त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्याचे शब्द तोंडातून नेले की कान बंद होतात माणसाचे. मला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. चौथी शिकलेली मी. चावडीच्या भिंतीवर तो कागद चिकटवलेला होता. रोज त्याच्याखालून झाडत होते.

म्हणून मामा सोमवारी गेले आणि हात वर केला. पुढचं सांगितलंच आहे.

पंधरा दिवसांत यंत्र आलं. ट्रकवर लादलेलं, वर लोखंडी खांबांचं तिकाटणं. लोखंडाचा जाडजूड दांडा उचलायचा आणि खडकावर आपटायचा. सकाळी सातला सुरू, दिवस बुडेपर्यंत. धाड. धाड. धाड. फळीवरची भांडी खाली यायची. दोन घरांच्या भिंती तडकल्या. माझी पोर झोपेत दचकून उठायची आणि ओठ काळेनिळे होईस्तोवर रडायची. भोकातून राखाडी चिखल निघायचा तो उतारानं सरळ आमच्या दारांत. मुकादमाला सांगायला गेलो तर म्हणाला, "तुमच्यात चिखलाचं काय कवतिक? तुमी तर मेलेली ढोरं वढता."

भोकाला पाणी लागलं. भरपूर लागलं. कंपनीच्या साहेबानं पेढे वाटले. आमच्या वाड्याला पेढे आले नाहीत, आडाचं पाणी मात्र गेलं. आधी गढूळ झालं. मग दोर पुरेना, आम्ही दोराला दोर बांधला. एके दिवशी पोहरा खाली गेला आणि ठण्णकन दगडावर वाजला. आम्ही सहा-सात बायका काठावर होतो. एका म्हातारीनं आत वाकून हाक मारली, जसं काही पाणी ओ देईल.

मग गावच्या विहिरीवर जाणं आलं. तिथं आम्ही चढायचं नाही. खाली घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी वाढायची. वाढायची म्हणजे छातीएवढ्या उंचीवरून ओतायची, निम्मं घागरीत आणि निम्मं आमच्या अंगावर. एकदा मी उन्हात दोन घटका उभी होते, पोर काखेत. पाटलाची सून वर होती, माझ्याच वयाची.

"वहिनी, लेकराला तरी घोटभर द्या," मी म्हटलं.

"तुमच्या सासऱ्यानंच दवंडी दिली न्हवं? मग आता जा कंपनीकडं."

ती वाईट बाई नव्हती. एरवी लुगडं जुनं झालं की द्यायची. पण त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या मनात, पाटलाच्या मनात, तलाठ्याच्या कागदावर, सगळीकडं एकच गोष्ट पक्की होती. दवंडी महारानं दिली, म्हणजे महारांना कळलं, म्हणजे महारांना मान्य. आणि खरी गोष्ट अशी होती की दवंडी आमच्या वाड्यात झालीच नव्हती. कधीच झाली नव्हती. पाच ठिकाणांत आमचं ठिकाण नव्हतं.

दोन महिन्यांनी कंपनीला दुसरं भोक हवं झालं. पहिल्यानं भागेना. या खेपेला जागा घरांच्या आणखी जवळ, माझ्या दारापासून तीस पावलांवर. तलाठ्यानं मामांना बोलावलं, कागद वाचला. मामा घरी डफडं घ्यायला आले तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. सून सासऱ्याच्या वाटेत अशी उभी राहत नाही. मी राहिले.

"मामा, पाच ठिकाणी द्या नायतर पन्नास. पन आधी आपल्या वाड्यात द्या."

"येडी का काय तू? आपल्यात कुनी दवंडी दिलीया?"

"म्हून तर. आमी ऱ्हातो का न्हाई हितं? का आमी ढोरं?"

मामा माझ्या बाजूनं आत शिरले. मग डफडं उचललं आणि वाड्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पोरं हसायला लागली. बायका बाहेर आल्या. मामांनी डफड्यावर थाप मारली आणि सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या शब्दाला आवाज फुटला. त्या माणसाचा आवाज मी आधी कधी फुटलेला ऐकला नव्हता. "ज्या कुनाची हरकत असंल," ते म्हणाले आणि थांबले, आणि स्वतःच्या भावकीकडं बघून पुन्हा म्हणाले, "ज्या कुनाची. आपली बी."

सोमवारी आम्ही पन्नासेक माणसं चावडीवर गेलो. साहेब तोच. त्यानं तोच प्रश्न विचारला. मामा हात वर करायच्या आत मी पायरी चढले. एक, दोन, तीन. वरची फरशी गार होती.

पाटील ताडकन उठला. "खाली उतर. ए बाई, खाली उतर म्हणतो न्हवं!"

"न्हाई उतरत. हरकत खालून सांगितली तवा आयकू आली न्हाई. म्हून वर आले."

"कुणाची रं ही?" चावडीतून कुणीतरी विचारलं.

मी साहेबाकडं वळले. म्हटलं, "साहेब, आमचा आड आटला. आता दाराशी खणताय. वाड्यातल्या बावीस घरांची हरकत आहे. लिहून घ्या आणि काय लिहिलं ते मला दाखवा. मला वाचता येतं."

साहेबानं रुमाल काढला, पण या वेळी हसला नाही. तलाठ्याला म्हणाला, "लिहा." तलाठ्यानं लिहिलं. मी वाचलं. साहेब हलक्या आवाजात मला म्हणाला, "बाई, कागदावर घेतलंय. पण मशीन काही थांबायचं नाही." तेवढा तो खरं बोलला.

पाटलानं मामांकडं हात पुढं केला. "काठी ठिव." येसकराची घुंगरांची काठी. मामांनी ती पायरीवर ठेवली, डफडंही ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून गावानं आमचं बलुतं बंद केलं, शेतावरची कामं बंद केली, विहिरीवर कुणी वाढेना. आम्ही मैलभर चालून नदीवरून पाणी आणायला लागलो. वाड्यातलेच काही जण मला शिव्या द्यायचे. तुझ्या पायरीपायी लेकरं उपाशी, म्हणायचे. त्यांचं काय चुकलं? लेकरं उपाशी होतीच.

यंत्र आलं. चुन्याची फुली मारली होती त्या जागेवर आम्ही अकरा बायका जाऊन बसलो. मुकादम ओरडला, मग हात जोडले, मग पोलीस आणले. आम्हाला उचलून गाडीत घातलं. गाडी हलली तेव्हा मागं धाड धाड सुरू झालेलं ऐकलं. सांगून टाकते, आडाला पाणी पुन्हा कधी आलं नाही. तो आज कचऱ्यानं भरलाय.

ठाण्यावर फौजदारानं बायकांना ओळीनं बसवलं आणि एका छापल्यासारख्या कागदावर अंगठे घ्यायला सुरुवात केली. तिघींचे घेऊन झाले तेव्हा मी वाकून तो कागद वाचला, मोठ्यानं. "आमची काही तक्रार नाही. पुन्हा अडथळा करणार नाही." उरलेल्या सात जणींनी हात पदरात घेतले.

फौजदार माझ्यापुढं कोरा कागद घेऊन आला. आवाज मऊ केला. "शिकलेली आहेस, तुला अंगठा कशाला? तूच लिही. पुन्हा मशीनपुढं बसणार नाही. एवढं लिही आणि घरी जा. पोर वाट बघत असेल."

पोर वाट बघत होती. शेजारणीकडं ठेवून आले होते, पोरीचं दूध माझ्या अंगावरून वाहत होतं. मी टाक घेतला. लिहिलं, आमचा आड कंपनीनं आटवला. मशीन तिथं आहे तोवर मी तिथं बसणार. खाली सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट.

फौजदारानं वाचलं. कागदाचे चार तुकडे केले आणि माझ्या पायाशी टाकले.

"दुसरा द्या," मी म्हटलं. "हेच लिहिते."